बत्तीवाल्याची उलटी पावलं

आन्सेल्म पेर्देरोला बोर्नयच्या नाटकघरात रोज टाळी मिळे, आणि तोंडातून एक शब्दही न काढता मिळे.

पहिला अंक संपला की तो लांब दांड्याची कात्री घेऊन रंगमंचावर येई. पुढच्या कडेला चरबीच्या बत्त्यांची रांग असे. चरबी जळताना धूर करते, वात वाकडी होते, तिच्या टोकाला काजळीचा गोळा धरतो, आणि मग राणीचं तोंड कुणाला धड दिसत नाही. आन्सेल्म एकेका बत्तीपाशी वाकून काजळी कातरी. ज्योत न विझता गोळा तुटला की खाली उभे असलेले नावाडी, विणकर, कातडी कमावणारे टाळी देत. विझली की शिट्ट्या. "पेर्देरो, हात का थरथरतोय? बायकोनं उपाशी ठेवलं का?" असं कुणीतरी खालून विचारी. तो उत्तर देत नसे. बत्तीवाल्यानं रंगमंचावर बोलायचं नाही असा मंडळींचा नियम होता, आणि तो नियम त्याला मानवायचा. बोलायला द्युरोझेल होता. द्युरोझेल हा मंडळींतला राजापार्ट नट. पोट सुटलेलं, गुडघे दुखरे, पण आवाज असा की लुआर नदीच्या पलीकडच्या काठावर गुरं मान वर करतील.

रंगमंचावर चरबी जळत असली तरी नाटकघरात एका जागी खरं मेण जळे. ती जागा म्हणजे सुभेदाराचा सज्जा. राजाचा सुभेदार तिथे मखमलीच्या खुर्चीत बसे, पायाशी शेगडी असे. आणि खाली लोक पाचही अंक ताटकळत उभे. सुभेदार आला की नाटकघराच्या मालकानं दोन मेणबत्त्या घेऊन त्याच्यापुढे चालायचं, आणि चालायचं ते उलटं. तोंड सुभेदाराकडे, पाठ वाटेकडे. राजाच्या माणसाला पाठ दाखवायची नाही, ही सगळ्या देशाची रीत. मालकीण मादाम ब्रिकूर हिचे पाय वातानं सुजलेले. ती सरळ चालतानासुद्धा भिंत धरायची. म्हणून हे काम आन्सेल्मकडे आलं.

मागच्या दारापासून सज्ज्यापर्यंतची बोळ अरुंद आणि काळोखी. मध्ये पायऱ्या, एक फळी उचकटलेली, वळणावर खांब. आन्सेल्मच्या टाचांना हे सगळं पाठ होतं. सज्ज्याच्या दाराशी पोचलं की दोन्ही मेणबत्त्या डोक्यावर उंच धरायच्या, म्हणजे सगळ्या प्रेक्षकांना सुभेदार दिसे. मग बाजूला होऊन कमरेत वाकायचं. खाली टोप्या उतरत, वरच्या सज्ज्यांतले लोक उठून उभे राहत.

मादाम एवढंच म्हणे, "आन्सेल्म, उजेड." आणि त्याचे पाय आपोआप उलटे पडू लागत.

त्याची बायको सिदोनी मंडळींत दासींची कामं करायची. राणीच्या मागे पंखा हलवायचा, निरोप आणायचा, चौथ्या अंकात हुंदके द्यायचे. ती नवऱ्याला आडनावानं हाक मारी.

"पेर्देरो, आज सुभेदार शिंकला तेव्हा तू मेणबत्त्या मागे ओढल्यास."

"विझल्या असत्या."

"विझू द्यायच्या. अंधारात सुभेदार कसा चालतो ते तरी एकदा कळलं असतं."

"पडला असता तो."

"तेच म्हणतेय मी."

त्यांना एक मुलगी झाली, पेरीन. बोलायला लागायच्या आतच ती तापानं गेली. तिचा बाप्तिस्मा झालेला होता, त्यामुळे सांतोबँ चर्चच्या आवारात, भिंतीच्या अगदी कडेला, तिला जागा मिळाली. छोटीशी घंटाही वाजवली गेली.

आईचं तसं नव्हतं. नटनट्यांना चर्चनं वाळीत टाकलेलं होतं. त्यांच्या नाटकाला पाद्र्यांचे भाऊ, पुतणे, शहरातले सगळे मातब्बर येत. पण नट मेला तर त्याला आवारात पुरत नसत. सुटका एकच. मरण्यापूर्वी पाद्र्यासमोर, साक्षीदार ठेवून, तोंडानं म्हणायचं की मी रंगभूमी सोडली. एकदा म्हटलं की मग परत पाऊल ठेवायचं नाही. त्यामुळे मंडळींतला प्रत्येक जण ते वाक्य अगदी शेवटच्या श्वासापर्यंत राखून ठेवी. बरा झालो तर पोट कशावर भरायचं, हा हिशेब. आणि शेवटचा श्वास कुठला हे ओळखण्यात ही माणसं नेहमी चुकत.

सिदोनीच्या छातीत कफ भरला त्या आठवड्यात पाद्री येऊन तिच्या उशाशी बसला. द्युरोझेल आणि मादाम साक्षीला उभे होते.

"म्हण बाई," पाद्री म्हणाला.

"पाद्रीबाबा, गुरुवारी प्रयोग आहे," सिदोनी म्हणाली. "आज सोडली आणि उद्या बरी झाले, तर तुम्ही जेवायला घालणार का मला? उद्या या."

पाद्री टोपी घेऊन उठला. उजाडायच्या आत सिदोनी गेली.

"मी आलो होतो, ती बोलली नाही. आता माझ्या हातात काही नाही," पाद्र्यानं दारातूनच सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता.

चर्चच्या भिंतीपलीकडे, कातडी कमावणाऱ्यांच्या कुंडांजवळ एक पडीक रान होतं. फासावर चढवलेले, नदीत जीव दिलेले, असले लोक तिथे पुरत. द्युरोझेलनं आणि आन्सेल्मनं मिळून खड्डा खणला. घंटा नाही, पाद्री नाही. आन्सेल्मनं जागा अशी निवडली की भिंतीच्या आत पेरीन, आणि बाहेर, बरोबर तिच्यासमोर, सिदोनी. मध्ये फक्त भिंत. पण फाटक पार दुसऱ्या बाजूला होतं, म्हणून दर रविवारी तो आधी लेकीपाशी उभा राही, आणि मग कुंडांच्या घाणीतून सगळा वळसा घालून बायकोपाशी येई.

त्या दिवसापासून त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. सिदोनी भिंतीच्या आत यायला हवी होती.

*

पुढे एका हिवाळ्यात लुआर गोठली, गिरण्या थांबल्या, पाव दिसेनासा झाला. जळून उरलेले बत्त्यांचे बुडखे हा बत्तीवाल्याचा हक्क असे. एरवी तो ते विकी. त्या वर्षी आन्सेल्मनं ते सारात टाकले. द्युरोझेल त्याच्याकडे जेवायला येई आणि वाटीकडे बघून म्हणे, "आज कुठल्या अंकातली बत्ती आहे ही? दुसऱ्या? तरीच जरा रडवेली लागतेय."

उन्हाळ्यात सुभेदारानं शहरातला गहू पडावांत, मालाच्या मोठ्या होड्यांत, भरून वरच्या मुलखात धाडायला काढला. घाटावरच्या बायकांनी पडावांचे दोर कापले. तिथून लोक सुभेदाराच्या वाड्यावर गेले, आणि वाड्यावरून नाटकघरात आले. सगळ्यांच्या पुढे कुऱ्हाड घेऊन गोर्जू होता. हा गोर्जू केसांच्या टोपांचा कारागीर; आदल्या रविवारपर्यंत सुभेदाराच्या टोपाला पावडर लावत होता. त्यानं मखमलीची खुर्ची सज्ज्यावरून खाली फेकली, आणि लोकांनी ती पायांनी तुडवली. सुभेदार मागच्या दारानं निसटला होता.

आन्सेल्मला त्याचं वाईट वाटलं नाही. लोकांना नीट दिसावं म्हणून तो बत्ती धरून उभा होता.

त्याच वर्षी नाताळानंतर द्युरोझेल बर्फ तुडवत त्याच्या खोलीवर आला. दारातच उभा राहून त्यानं राजाच्या भाषणाआधी घेतो तसा श्वास घेतला.

"आन्सेल्म, मी आजपासून माणूस झालो. पॅरिसच्या सभेनं ठरवलं. नट म्हणजे नागरिक."

"खरं?"

"प्रोटेस्टंट, आम्ही, आणि जल्लाद. तिघांना एकाच ठरावात माणसांत घेतलं. संगत तेवढी बघ."

आन्सेल्मनं टोपी घातली आणि तो तडक चर्चकडे गेला.

नवा पाद्री तरुण होता, नव्या विचारांचा. तो म्हणाला, "माझी हरकत नाही, पण ज्यांची माणसं आवारात पुरलीत त्यांना विचारावं लागेल." त्यांत भटारीण होती. घाटावर पडावाचा दोर कापताना तिच्याच हातात सुरी होती.

"पेर्देरो, तू चांगला माणूस आहेस," ती म्हणाली. "पण माझी आई तिथे पडलीय. तिच्या शेजारी नटी आणून झोपवू?"

"आता सगळे सारखे झाले ना?"

"सारखे झाले ते सुभेदाराशी. म्हणजे उठून कुणाशीही नाही."

अशा रीतीनं दिवस गेले. राजा पळाला, पकडला गेला, आणि एका जानेवारीत पॅरिसमध्ये त्याचं डोकं उडालं. बोर्नयमध्ये त्या दिवशी द्युरोझेलचा पितळी मुकुट तोफेसाठी वितळवायला नेला. "बत्तीस वर्षं डोक्यावर होता," द्युरोझेल म्हणाला, "गोळा झाला तर निदान नेमका लागेल." आता तो जुलमी राजे करायचा. म्हणजे राजेच, फक्त शेवटी मरणारे. मादाम म्हणे की पगार तोच, वर मरण्याचे कष्ट जास्त.

मग चर्चेस बंद झाली. सांतोबँची घंटा उतरवली, तरुण पाद्री सैन्यात गेला, आवाराच्या फाटकावर पाटी लागली की मरण म्हणजे न संपणारी झोप. आन्सेल्मला वाटलं, आता तर अडवणारंच कुणी उरलं नाही. तो गोर्जूकडे गेला. गोर्जू आता शहर समितीचा मुख्य होता, डोक्यावर लाल टोपी, आणि टोपीखाली टक्कल. टोप आता राजेशाहीची खूण ठरले होते, तेव्हा स्वतःसाठी टोप करायची त्याला सोय राहिली नव्हती.

"देव नाही, तर पवित्र जागा कसली?" गोर्जू म्हणाला. "जमीन ती जमीन. आत काय, बाहेर काय."

"मग आत आणली तर काय बिघडेल?"

"आणि बाहेर राहिली तर काय बिघडेल?"

"माझं बिघडतंय," आन्सेल्म म्हणाला.

"तुझ्या एकट्याचं. देशाचं नाही." गोर्जूनं दार लावून घेतलं.

*

शरद ऋतूत पॅरिसहून लोकप्रतिनिधी आला. त्याचं नाव मालेस्को. समितीनं गव्हाचं काय केलं याची तो चौकशी करणार होता, त्यामुळे गोर्जूची झोप उडाली होती. मालेस्कोच्या एका शब्दावर शहरातला कुणीही तुरुंगात जाई किंवा सुटे. परवानगी द्यायची तर तोच देऊ शकत होता, आणि तो नाटकाला येणार होता.

त्या दुपारी रंगपटात द्युरोझेलनं आन्सेल्मची तालीम घेतली. "मी मालेस्को. तिरंगी पट्टा, पोटात वारा. हं, बोल."

"नागरिक मालेस्को, तुम्ही—"

"तू."

"प्रतिनिधी आहेत ते."

"म्हणूनच तू. 'तुम्ही' हा शब्द आता राजाबरोबर गेला. 'तुम्ही' म्हटलंस तर गोर्जू तुला संशयित ठरवेल. पुन्हा."

"नागरिक मालेस्को, तू... माझी बायको..."

"अडखळलास तरी चालेल, वाकू नकोस. तुझी पाठ बघ, आत्ताच वाकलीय."

"ती सवयीनं वाकते."

"ती आज घरी ठेवून ये," द्युरोझेल म्हणाला, आणि हसला. त्यानंतर ते वाक्य आन्सेल्म तोंडातल्या तोंडात म्हणत राहिला. बत्त्या लावताना, वाती सरळ करताना. आयुष्यात प्रथमच त्याला वाक्य पाठ करावं लागत होतं.

मालेस्को मागच्या दारानं आला. बुटका माणूस, सर्दीनं नाक लाल झालेलं, टोपीवरची पिसं पावसानं चिकटलेली. बरोबर दोन शिपाई. बोळीतला काळोख बघून तो उंबऱ्यातच थांबला. मादाम ब्रिकूर भिंतीला धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. तोंडातून सवयीचं तेच निघालं.

"आन्सेल्म, उजेड."

त्यानं दोन मेणबत्त्या उचलल्या. मनात वाक्य घोळत होतं: नागरिक मालेस्को, तू माझी बायको. नागरिक मालेस्को, तू. सगळं लक्ष त्या 'तू'वर होतं, आणि टाचा आपल्या वाटेनं निघाल्या होत्या. पायऱ्या, उचकटलेली फळी, खांबाचं वळण. प्रतिनिधी आधी दबकत होता, मान खाली घालून पायऱ्या शोधत होता. मग मेणबत्त्यांचा उजेड त्याच्या छातीवर स्थिरावला. समोर एक माणूस उलटा चालतोय, आपल्यासाठी चालतोय, हे त्याला उमगलं. हळूहळू त्याचे खांदे वर आले. हात कमरेवर गेला. पाऊल आधी टेकून मग दाबायचं, तसं तो टाकू लागला. असं चालायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दाराशी पोचल्यावर आन्सेल्मनं दोन्ही मेणबत्त्या डोक्यावर उंच धरल्या. बाजूला झाला. कमरेत वाकला.

आणि खाली सगळ्या टोप्या उतरल्या.

नावाड्यांच्या, विणकरांच्या, घाटावरच्या हमालांच्या. वरच्या सज्ज्यांत बाकं सरकल्याचा आवाज झाला आणि लोक उठून उभे राहिले. भटारीण उठली. समितीसाठी मांडलेल्या पुढच्या बाकावरून गोर्जू तर सगळ्यांच्या आधी उठला होता, आणि त्याचं टक्कल मेणबत्तीच्या उजेडात चमकलं. मालेस्को हात कमरेवर ठेवून उभा होता. क्षणभर सगळं नाटकघर तसंच थांबलं, जसं पूर्वी थांबायचं.

मग कुणाच्या तरी हातातली टोपी खाली पडली, आणि प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बघितलं.

गोर्जूनं आपली लाल टोपी हळूच डोक्यावर चढवली. "सगळ्यांनी टोप्या घाला," तो शांतपणे म्हणाला. "आणि त्या माणसाला धरा."

आन्सेल्म अजून वाकलेलाच होता. वाक्य ओठांवर होतं. ते म्हणायची वेळच आली नाही.

*

उर्सुलाच्या मठाचा तुरुंग केला होता. ओल आलेल्या खोलीत आन्सेल्मला ठेवलं. गोर्जू भेटायला आला तेव्हा पाव घेऊन आला, पांढरा पाव.

"पेर्देरो, तुझ्यावर राग नाही कुणाचा," तो म्हणाला. "तू गरीब माणूस. तुला जे सांगितलं ते तू केलंस. हो ना?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"आठव जरा. प्रतिनिधीचा शिपाई सकाळी आला असेल. म्हणाला असेल, साहेबाला सुभेदारासारखं न्या. आला असेल ना?" गोर्जू जवळ सरकला. "तेवढं एक वाक्य न्यायासनासमोर म्हण. मालेस्कोनं राजाचा मान मागून घेतला, बस. तो पॅरिसला परत जाणार नाही, आणि गव्हाचा विषयही जाणार नाही. तू घरी जाशील. आणि तुझी बायको दुसऱ्याच दिवशी भिंतीच्या आत येईल. मी स्वतः फावडं धरतो."

तो गेल्यावर आन्सेल्मनं पाव खाल्ला. भूक होती, खोटं कशाला. मग तो ते वाक्य पाठ करायला बसला. 'त्यानं मला सांगितलं होतं.' छोटं वाक्य, अडखळण्यासारखं काही नाही, 'तू' नाही, 'तुम्ही' नाही. मालेस्को काही देवमाणूस नव्हता. गेल्या महिन्यात त्यानं जुन्या सुभेदाराला पकडून आणून त्याचं डोकं उतरवलं होतं, आणि त्याबरोबर सुभेदाराच्या स्वयंपाकिणीचंही. असल्या माणसासाठी रडायला कुणी बसलं नव्हतं. भिंतीच्या आत पेरीन, आणि तिच्या शेजारी सिदोनी. वळसा नाही. आन्सेल्मनं वाक्य पुन्हा म्हटलं. त्याचा आवाज त्या खोलीत चांगला लागत होता.

न्यायासन नाटकघरातच बसायचं. शहरात तेवढी मोठी जागा दुसरी नव्हती. रंगमंचावर टेबल, टेबलामागे न्यायाधीश, बाजूला खुर्चीत मालेस्को, खाली सगळं बोर्नय उभं. आन्सेल्मला मध्ये उभं केलं. समोर बत्त्यांची रांग होती. नव्या माणसानं त्या वाईट लावल्या होत्या. सगळ्या धूर ओकत होत्या, वातींवर काजळीचे गोळे लोंबत होते. धुरातून लोकांची तोंडं नीट दिसत नव्हती. विंगेत द्युरोझेल उभा होता. गोर्जूनं त्यालाही वाक्य सांगून ठेवलं होतं. तो ओठांनी सांगत होता: म्हण.

"तू उलटा का चाललास?" न्यायाधीशानं विचारलं. "कुणी सांगितलं?"

आन्सेल्मनं मालेस्कोकडे पाहिलं. मालेस्कोची बोटं गुडघ्यावर नाचत होती. नाक अजून लाल होतं. घाबरलेल्या माणसाला सर्दी झाली की तो फार लहान दिसतो. आन्सेल्मनं तोंड उघडलं, आणि त्याला सिदोनीचा आवाज आठवला. पाद्रीबाबा, उद्या या. तिनंही एक वाक्यच म्हणायचं होतं. ते तर खरंसुद्धा ठरलं असतं. तरी तिला ते म्हणवलं नव्हतं.

"कुणी नाही," तो म्हणाला.

विंगेत द्युरोझेलनं डोळे मिटले.

"नीट आठव," गोर्जू पहिल्या रांगेतून म्हणाला. "प्रतिनिधी कसा चालला तुझ्यामागून?"

"राजासारखा."

लोकांत कुजबुज झाली. गोर्जू पुढे झुकला.

"पण त्यात त्याचं काही नाही," आन्सेल्म म्हणाला. "समोर कुणी दोन मेणबत्त्या धरून उलटं चाललं की माणूस तसाच चालतो. सुभेदार चालायचा. एकदा सुभेदार आजारी होता तेव्हा त्याचा गव्हाचा ठेकेदार आला, दारू पिऊन, तोही तसाच चालला. मी सगळ्यांना बघितलंय, माझं तोंड त्यांच्याकडेच असतं." मग तो गोर्जूकडे वळला, आणि ज्या शब्दावर तो दुपारभर अडखळला होता तो आता सहज आला. "आणि तूही टोपी काढलीस, नागरिक गोर्जू. तू सगळ्यांच्या आधी उठलास."

खाली कुणीतरी हसलं. एकच माणूस, आणि लगेच गप्प झाला. मग कुणालाच हसायला आलं नाही. प्रत्येकाला आपली टोपी आठवली होती.

सुटला तर सगळ्यांना टोप्या काढताना पाहिलेला माणूस मोकळा फिरणार होता. म्हणून त्याला सोडता येणार नव्हतं. न्यायाधीशानं निकाल वाचला: राजेशाहीचे मान पुन्हा आणल्याबद्दल मृत्युदंड. मालेस्कोनं मान खाली घालून सही केली. त्याला दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. आन्सेल्मला वाचवलं असतं तर तो मान त्याच्याच गळ्यात पडला असता. लोकांनी हात वर केले. भटारणीनंही केला.

गाडीत माणसाला घोड्याकडे पाठ करून बसवायची पद्धत होती. आन्सेल्म तसा बसला. रस्ताभर त्याला मागे सुटत जाणारं शहर दिसत होतं. नाटकघराचं दार, भटारखाना, घाट. द्युरोझेल गाडीमागून दुखऱ्या गुडघ्यांनी चालत होता, अगदी चौकापर्यंत. दोघांची तोंडं समोरासमोर होती.

"आता तरी बोल काहीतरी," द्युरोझेल म्हणाला.

"बत्त्या वाईट लावल्या होत्या," आन्सेल्म म्हणाला. "त्या माणसाला सांग, वात आधी आखूड कर म्हणावं."

चौकात तो पायऱ्या सरळ चढला.

आवार बंद असल्यामुळे सगळे आता कुंडांजवळच्या त्या रानातच जात. सुभेदार तिथे होता, त्याची स्वयंपाकीण होती, आणि पुढच्या वसंतात, मालेस्कोनं गव्हाचं प्रकरण पुरं केल्यावर, गोर्जूही तिथेच आला. चुना टाकून सगळ्यांना एकत्र बुजवलं. आन्सेल्म सिदोनीपासून किती लांब पडला हे कुणाला माहीत नाही.

आन्सेल्म गेला त्याच हिवाळ्यात नदीकाठची तटबंदी दुरुस्त करायला दगड हवे होते, म्हणून चर्चची भिंत पाडून नेली. पाया उकरला, त्यावर गवत वाढलं. पेरीनच्या खुणेचा लाकडी क्रूस कुणीतरी चुलीत घातला. आत कुठे आणि बाहेर कुठे, हे सांगणारं काही राहिलं नाही.

*

बऱ्याच वर्षांनी पॅरिसमध्ये एका सेनापतीनं स्वतःच्या हातानं डोक्यावर मुकुट चढवला, आणि बोर्नयमध्ये द्युरोझेल पुन्हा खरे राजे करू लागला. नवा मुकुट लाकडी होता, सोनेरी रंगाचा. सज्ज्यात नवा प्रांताधिकारी बसे, आणि त्याच्यापुढे नवा बत्तीवाला चाले. कसा चाले ते सांगायला नको.

चर्च उघडलं. नव्या पाद्र्यानं गवंडी बोलावले आणि भिंत पुन्हा बांधायला काढली. पण जुनी रेघ कुठून जात होती, यावर गावात एकमत होईना. भटारीण वारली होती. ज्यांना आठवत असेल ते गप्प होते. त्या रानाबद्दल फारसं बोलायला कुणालाच आवडत नसे. शेवटी कुणीतरी म्हणालं, तो म्हातारा नट तिथे रविवारी जात असे, त्याला विचारा.

द्युरोझेल काठी टेकत आला. पाद्री, गवंडी आणि आवारातले मातब्बर वाट बघत उभे होते. गवत ओलं होतं. त्यानं एकदा इकडून तिकडे नजर फिरवली. खरी रेघ त्याच्या बुटांखालीच होती. तिथली जमीन अजून थोडी उंचवट होती.

"आठवतं का काही?" पाद्र्यानं विचारलं.

द्युरोझेलनं काठी गवंड्याच्या हातात दिली. पाठ ताठ केली, श्वास घेतला, आणि उजवा हात असा उचलला की त्याखाली एखादं राज्य मावावं. बोट पार रानाच्या पलीकडे, कुंडांच्या कडेच्या चिनारांवर रोखलेलं होतं.

"तिथून," तो म्हणाला. आवाज अजून तसाच होता. "त्या झाडांपासून घाटाच्या वाटेपर्यंत. माझ्या तरुणपणापासून तिथेच होती."

"एवढी लांब?" एक मातब्बर म्हणाला. "माझ्या आठवणीत—"

"तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा," द्युरोझेल म्हणाला. मातब्बर पन्नाशीचा होता, पण त्या आवाजापुढे त्याला हिशेब सुचला नाही.

गवंडी काठी गवतात ठेवून चिनारांकडे गेला आणि त्यानं पहिली खुंटी ठोकली. द्युरोझेल उंचवट्यावर उभा राहून बघत होता. सगळं रान आत येत होतं. सिदोनी येत होती, आन्सेल्म येत होता, सुभेदार, स्वयंपाकीण. गोर्जूही येत होता. त्याला इलाज नव्हता.

"काठी," द्युरोझेल म्हणाला. पाद्र्यानं ती उचलून त्याच्या हातात दिली.